बदलीची ऑर्डर आणि दुसरा-चौथा शनिवार

पत्र असं आहे:

"मी ३६ वर्षांची, नाशिकला एका सरकारी बँकेत अधिकारी आहे. २०२२ साली आमचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुलगा ८ वर्षांचा, यंदा तिसरी संपवेल. ताबा माझ्याकडे आहे. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी त्याचे वडील त्याला नेतात, रविवारी संध्याकाळी आणून सोडतात. ते अंबडला कंपनीत आहेत, आजी-आजोबा सिन्नरला. भेट चुकवत नाहीत, पैसे वेळेवर देतात, एवढं खरं. बाकी चांगलं लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. परवाही मुलगा पांढऱ्या शर्टावर मिसळीच्या तर्रीचे डाग घेऊन आला. दर वेळी सांगून मी कंटाळले. आता मला बढती मिळाली आहे आणि बदली हैदराबादला. १ जूनला रुजू व्हायचं आहे. नाकारली तर बढती जाते. आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे घटस्फोटाच्या वेळी दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये, एक ओळ आहे, की न्यायालयाच्या परवानगीशिवाय मी मुलाला कायमचं नाशिकबाहेर नेणार नाही. भाऊ म्हणतो, ताबा तुझा आहे, आई आहेस, शाळेतून दाखला काढ आणि जा. विचारलंस तर तो नाहीच म्हणणार. मी काय करू? मुलाला अजून काहीच सांगितलेलं नाही."

ताई,

आधी भावाच्या सल्ल्याबद्दल, कारण तो तुम्ही उद्याच अमलात आणाल अशी मला धास्ती वाटते. तसं करू नका. शाळेचा दाखला काढू नका, मुलाचं सामान हलवू नका, हैदराबादच्या शाळेत फी भरून मोकळ्या होऊ नका. भाऊ प्रेमापोटी बोलतो आहे. पण 'ताबा तुझा' या दोन शब्दांत तो जेवढं भरतो आहे, तेवढं त्यात नाही. ताबा म्हणजे मुलगा तुमच्या घरी राहतो, त्याचा डबा, अभ्यास, ताप-खोकला तुम्ही बघता. त्याने दुसऱ्याचं बापपण संपत नाही. आणि तुमच्या बाबतीत तर ती एक ओळ आहे. कन्सेंट टर्म्स हुकूमनाम्याला जोडल्या गेल्या, की त्यातलं वाक्य हे दोघांमधलं बोलणं राहत नाही, न्यायालयाला दिलेली हमी होते. ती मोडली तर न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज येऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे ताबा बदलून मागणारा अर्ज येतो आणि त्याचं पहिलंच वाक्य असतं, 'अर्जदाराला न कळवता मुलाला नेले.' त्यानंतर तुमची बढती, तुमची चार वर्षांची मेहनत, सगळं त्या वाक्याच्या मागे उभं राहतं.

मी कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम केलं. एक बाई दिवाळीच्या सुट्टीत चौथीतल्या मुलीला घेऊन दुसऱ्या राज्यात गेल्या, तिकडेच राहिल्या. वडील ठरलेल्या शनिवारी दारात आले तर कुलूप. हातात मुलीच्या नव्या सँडलचं खोकं. शेजारणीने सांगितलं, त्या तर घर सोडून गेल्या. ते खोकं घेऊन ते गृहस्थ माझ्या खोलीत आले आणि पुढचे काही महिने प्रत्येक तारखेला ते त्यांच्या पिशवीत असायचं. मुलीला वर्षाच्या मध्यातच परत आणावं लागलं. एका वर्षात दोन शाळा झाल्या. सँडल तोवर लहान झाले होते. त्या बाईंचं जाण्याचं कारण चांगलं होतं हो. नोकरी खरी होती, माहेर तिकडे होतं. विचारून गेल्या असत्या तर परवानगी मिळाली असती, असं मला आजही वाटतं आणि आजही वाईट वाटतं.

आता कायदा. 'मूल घेऊन गाव बदलताना काय करायचं' असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यातलं कलम २६ सांगतं, की न्यायालयाने नेमलेल्या पालकाने परवानगीशिवाय पाल्याला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर हलवू नये. हिंदू विवाह कायद्याचंही, योगायोगाने, कलम २६च आहे: घटस्फोटानंतरही ताबा, शिक्षण, खर्च यांबाबतचे आदेश न्यायालय बदलू शकतं. आणि १९५६ च्या अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचं कलम १३ म्हणतं, मुलाचं हित सर्वांत वर. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात पालकाच्या स्थलांतराबाबत मार्गदर्शक सूचना मांडल्या, पण त्यांचा कायदा झालेला नाही. म्हणून तुमचा निर्णय शेवटी एका न्यायाधीशापुढे, तुमच्या मुलाच्या रोजच्या आयुष्याकडे बघून होणार. एक समजून घ्या, ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. मूल वाढतं, परिस्थिती बदलते, तसा आदेश बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटलं आहे. तेव्हा ती ओळ तुम्हाला जन्मभर नाशिकला बांधून ठेवत नाही. आधी विचारा, एवढंच म्हणते.

आणि विचारलं तर नकारच येतो, हे खरं नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीचं एक प्रकरण होतं. घटस्फोट संमतीने, मुलगा आईकडे, वडिलांच्या भेटी ठरलेल्या, अगदी तुमच्यासारखं. आईला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली. मुलगा तुमच्या लेकाच्याच वयाचा. न्यायमूर्तींनी त्याच्याशी स्वतः बोलून घेतलं आणि आईला त्याला नेऊ दिलं. २०२० साली सिंगापूरला निघालेल्या एका आईला व्हिडिओ कॉल आणि सुट्टीतल्या भेटी नक्की करून परवानगी मिळाली. आणि घराजवळचं उदाहरण म्हणजे पुण्याच्या एका आईचं. तिला कंपनी पोलंडला पाठवत होती, मुलगी ९ वर्षांची. कुटुंब न्यायालयाने नाही म्हटलं. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी ते फिरवलं. आईला मूल आणि करिअर यांतून एक निवडायला सांगता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. तुम्ही तर हैदराबादला निघाला आहात. नाशिकरोडहून देवगिरी एक्स्प्रेस थेट आहे.

पण या निकालांची कात्रणं वकिलांच्या टेबलावर ठेवून निर्धास्त होऊ नका. ती सगळी परवानगी बापाच्या भेटींची सोय बघून मिळालेली आहे. माझं तुम्हाला सांगणं यासाठीच आहे. मी असे अर्ज खूप वाचले. पाच पानं आईबद्दल असतात: बढती, पगार, सोसायटीतली बाग, शाळेचं बोर्ड, माहेरचा आधार. शेवटी वडिलांसाठी एक ओळ, 'जाबदेणार यांना सोयीनुसार भेटीची मुभा राहील.' न्यायाधीश पाच पानं चाळतात आणि त्या ओळीवर थांबतात. सोयीनुसार म्हणजे कुणाच्या? कधी? कुठे? तिकीट कोण काढणार? तिथे उत्तर नसलं की मनात शंका येते, ही बाई नोकरीसाठी निघाली आहे की त्याच्यापासून लांब निघाली आहे? तुमच्या अर्जात तुमच्याबद्दल दीड पान पुरे. बाकीचं त्याच्याबद्दल लिहा.

तर्रीच्या डागांचं तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. वैताग खरा आहे. पांढऱ्या शर्टावरचा तो लाल-पिवळा डाग उन्हात घातला तरी जात नाही. पण ताई, महिन्यातून दोनदा एक ८ वर्षांचा मुलगा बापासमोर बाकावर बसून मिसळ खातो. बाप पाव मोडून देतो, हा तर्री ओढून घेतो, नाकातून पाणी येतं, तरी सोडत नाही. हैदराबादला गेल्यावर तुमच्या मुलाचं जाणार आहे ते हे. शाळा दुसरी मिळेल, मित्र मिळतील. हा बाक मिळणार नाही. तो जसाच्या तसा परत देता येत नाही, हे मान्य करूनच अर्ज लिहायला बसा. मग काय देता येईल ते नीट सुचतं.

हिशेबापासून सुरुवात करा. आज वडिलांना महिन्याचे दोन शनिवार-रविवार मिळतात, म्हणजे वर्षाचे साधारण ४८ दिवस. हे दोन शनिवार बँकेच्याही सुट्टीचे. कन्सेंट टर्म्स लिहिताना हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. तुम्हाला पूर्ण सुट्टी असते तेव्हा लेक घरात नसतो आणि तो घरात असतो तेव्हा तुम्ही शाखेत. नव्या आखणीत ही गाठ सुटू शकते, हा तुमचाही फायदा. तर ४८ दिवस कागदावर घ्या आणि ते कमी होणार नाहीत असं पाहा.

आणि इथे सगळे चुकतात ती गोष्ट. 'दिवाळीची सुट्टी वडिलांकडे' असं लिहून मोकळं व्हायची आपल्याला सवय, कारण महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी मोठी. तेलंगणात मोठी सुट्टी दसऱ्याची असते, बतुकम्मा हा तिथला फुलांचा सण धरून जवळपास दोन आठवडे; दिवाळीला जेमतेम एक-दोन दिवस. नुसतं दिवाळी लिहिलंत तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही, आणि पहिल्याच वर्षी तो म्हणेल, फसवलं. म्हणून तिथल्या शाळेचं वर्षाचं वेळापत्रक मागवून घ्या आणि तारखांनिशी लिहा. दसऱ्याचे १० दिवस नाशिकला. संक्रांतीची सुट्टी तिथे चार-सहा दिवसांची असते, त्यातले ४ दिवस. उन्हाळ्याची सुट्टी एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. त्यातले ३० दिवस. झाले ४४. वर दर महिन्याला एक शनिवार-रविवार तो हैदराबादला येऊ शकेल अशी मुभा, येण्याच्या दहा दिवस आधी कळवून. लक्ष्मीपूजन एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे, त्या वर्षी शाळेतून दोन दिवस रजा काढावी लागली तरी. सिन्नरला घरी गणपती बसत असेल तर तेही आत्ताच बोलून घ्या. त्याची शिफ्ट असेल त्या दिवसांत मुलगा आजी-आजोबांकडे राहील, हेही लिहा. आजी-आजोबांचं नाव अर्जात आलेलं मी फार क्वचित पाहिलं आणि दर वेळी त्याने समोरच्याचा सूर खाली आलेला पाहिला.

तिकिटं तुम्ही काढा. तुमचा पगार वाढतो आहे आणि अंतर तुमच्यामुळे वाढतं आहे. आणायचं-सोडायचं दोघांनी वाटून घ्या; ८ वर्षांच्या मुलाला एकट्याने गाडीत बसवायचं नाही. पैसे आणि भेट या दोन गोष्टी एकमेकींत गुंतवू नका. एखाद्या महिन्यात त्याचे पैसे उशिरा आले म्हणून दसऱ्याला मुलगा पाठवला नाही, असं एकदा जरी झालं तरी सगळं विस्कटतं.

फोनबद्दल. २०२० च्याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलायला मिळालं पाहिजे, आणि पालक वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तर याला जास्तच महत्त्व आहे. 'कधीही फोन करा' असं लिहू नका. कधीही म्हणजे कधीच नाही. रात्री साडेआठ म्हणा, शिफ्ट असेल तेव्हा सकाळी शाळेआधी. आणि तो फोन मुलाच्या हातात असू द्या, त्याच्या खोलीत, स्पीकर बंद. स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन टेकवून, आई पोळ्या लाटते आहे आणि मुलगा बापाशी बोलतो आहे, तर तो मुलगा बापाशी बोलत नसतो, आई ऐकते आहे ना याकडे बघत असतो. एका मुलाने पडलेला दात बापाला दाखवायला कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरला होता, की पलीकडे नुसतं पांढरं दिसत होतं, आणि बाप 'दिसला, दिसला' म्हणत होता. तेवढ्यासाठी ती दहा मिनिटं हवीत.

भाषेचंही बघा. महाराष्ट्रात २०२० पासून शाळेत मराठी सक्तीची आहे. तेलंगणात तेलुगू, २०१८ च्या कायद्याने. म्हणजे चौथीपासून तुमच्या मुलाची शाळेतली मराठी जवळपास थांबणार आणि तेलुगू मुळाक्षरांपासून सुरू होणार. हैदराबादला जुनी मराठी वस्ती आहे, विवेकवर्धिनीसारखी संस्था आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे; त्याची चौकशी करा. पण रोजचं मराठी वाचन हे काम त्याच्या बापाला द्या. आठवड्यातून तीन दिवस त्या फोनवर गोष्टीच्या पुस्तकाची दोन पानं. एक प्रत नाशिकला, एक हैदराबादला. हे अर्जात लिहिलंत तर न्यायाधीशांना आवडेल, म्हणून मी सांगत नाही. लांबून बापपण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे बहुतेक पुरुषांना कुणी सांगितलेलं नसतं. काम दिलं की ते करतात.

नव्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं नाव, मोबाईल, ईमेल लिहा. प्रगतिपुस्तक, आजारपण, स्नेहसंमेलनाची तारीख त्यालाही शाळेकडून थेट कळली पाहिजे, तुमच्या मार्फत नव्हे.

आता वेळेचं बघा, कारण ती थोडी आहे. जिल्ह्याच्या न्यायालयांना मे महिन्यात उन्हाळी सुट्टी असते. तुम्ही एप्रिलच्या शेवटी अर्ज घेऊन गेलात तर नोटीस निघेल, त्याचं म्हणणं यायला तारीख पडेल आणि १ जून उजाडेल. या महिन्यातच अर्ज करा, ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तिथेच, म्हणजे नाशिकच्या कुटुंब न्यायालयात. रुजू होण्याची तारीख दाखवून तातडीने ऐकण्याची विनंती करा. बढतीचा आदेश जोडा. त्याबरोबर बँकेला एक अर्ज द्या: महाराष्ट्रात नेमणूक मिळेल का, नाहीतर रुजू व्हायला मुदतवाढ मिळेल का? बँक बहुधा नाही म्हणेल. तो नकारही जोडा. बदली तुम्ही मागून घेतलेली नाही आणि टाळता येत नव्हती, हे त्या एका कागदाने सिद्ध होतं. वकिलांची फी परवडत नसेल तर, किंवा परवडत असली तरी, हे माहीत असू द्या: १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं.

अर्जाआधी मुलाच्या वडिलांशी बोला. विचारलं तर तो नाहीच म्हणेल, हे भावाचं मत झालं. चार वर्षं एक भेट न चुकवणारा माणूस पहिल्यांदा नाही म्हणेलच, म्हणायलाच हवं. नाही म्हटला नाही तर मला काळजी वाटली असती. त्या नाहीमागे भीती असते, 'एकदा गेला की गेला.' तिला उत्तर म्हणून तारखांचा तो कागद हातात द्या. 'हे मी लिहिलं आहे, तुम्ही यात काय बदलाल?' एवढंच विचारा. पटलं तर दोघं मिळून संयुक्त पुरसिस, म्हणजे दोघांच्या सहीचं लेखी निवेदन, देता येते आणि न्यायालय नव्या अटी नोंदवून घेतं; वाद उरतच नाही. नाही पटलं तर अर्ज करा आणि समुपदेशकाकडे पाठवण्याची विनंती तुम्हीच करा. त्या खोलीत वकील नसतात, आवाज चढवायला प्रेक्षक नसतात. मी तिथे 'कदापि नाही' म्हणून बसलेल्या माणसांना तिसऱ्या बैठकीत खिशातून डायरी काढून दसऱ्याच्या तारखा लिहून घेताना पाहिलं आहे.

मुलाला मात्र आत्ता काही सांगू नका आणि नंतर सांगाल तेव्हा दोघांनी मिळून सांगा. 'आपण हैदराबादला जाणार' असं म्हणू नका, कारण ते अजून ठरलेलं नाही. त्याला विचारूही नका, तुला कुठे राहायचं. न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये बोलतील अशी शक्यता आहे, आणि तुमच्या घरातलं कुणीतरी, मावशी म्हणा, मामा म्हणा, त्याची तयारी करून घेऊ पाहील. होऊ देऊ नका. एका ९ वर्षांच्या मुलाने मला डोळे मिटून एका दमात म्हणून दाखवलं होतं, 'मला आईसोबत राहायचे आहे कारण तेथे माझा शैक्षणिक विकास होईल.' पाठांतर चांगलं झालं म्हणून तो जरा हसला. मग मला म्हणाला, 'आता जाऊ? पप्पा बाहेर माझी क्रिकेटची बॅट घेऊन थांबलेत.' असं पढवलेलं बोलणं ऐकणाऱ्याला लगेच कळतं आणि त्याचा भार आईवर येतो. पण ते सोडा. ८ वर्षांच्या पोराला आईबाप यांतलं एक तोंडाने म्हणायला लावायचं, ही त्याच्यावर टाकण्याची गोष्टच नव्हे.

न्यायालयाने नाही म्हटलं तर? याचा विचार आजच करा, जूनमध्ये नको. उच्च न्यायालयात दाद मागता येते, पुण्याच्या त्या आईने तेच केलं. पण तोवर दोन-चार महिने मुलगा कुठे असेल? कदाचित चौथीचं पहिलं सत्र नाशिकच्याच शाळेत, वडिलांकडे आणि आजी-आजोबांकडे, आणि तुम्ही शनिवार-रविवारी येऊन-जाऊन. वाचताना पोटात गोळा आला असेल. तुम्हाला जे तात्पुरतं म्हणूनही सहन होत नाही, ते तुम्ही त्याला कायमचं म्हणून सांगायला निघाला आहात. हे टोचावं म्हणून लिहीत नाही. त्याच्याशी बोलायला बसाल तेव्हा हे आठवलंत तर तुमचा आवाज वेगळा येईल.

परदेशी निघालेल्या दोघींचीही पत्रं याच आठवड्यात आली आहेत, त्यांच्यासाठी थोडं. मुलं पळवून नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. म्हणून मूल देशाबाहेर जाणार म्हटलं की मागे राहणाऱ्याची भीती जास्त असते आणि न्यायालयही जास्त सावध असतं. अशा वेळी 'मिरर ऑर्डर' मागितली जाते: इथल्या आदेशासारखाच आदेश तिथल्या न्यायालयाकडून आणायचा. तीही नुसती कागदावर आणून भागत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केनियातल्या एका वडिलांना मुलाला नेऊ दिलं, तिथल्या न्यायालयाचा आदेश आणायला लावून. अटी पाळल्या गेल्या नाहीत असं दिसल्यावर २०२१ मध्ये स्वतःचाच आदेश मागे घेतला. तुमचा शब्द तुम्ही तिथे गेल्यावर पाळाल का, हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. उत्तर म्हणून आत्तापर्यंतच्या भेटी तुम्ही कशा दिल्यात, तेच पाहिलं जाईल.

नाशिकच्या ताई, तुमचं ते उत्तर चांगलं आहे. चार वर्षांत त्याने भेट चुकवली नाही, म्हणजे तुम्हीही एकदाही दार बंद केलं नाही. पत्रात तुम्ही हे लिहिलं नाही, पण अर्जात लिहा.

येत्या बुधवार-गुरुवारी त्याला फोन करून वेगळी वेळ मागा, मुलगा शाळेत असताना, घराबाहेर कुठेतरी. चौथ्या शनिवारी दारात उभ्याने हे बोलू नका. तो दिवस त्या दोघांचा आहे. आणि त्या दिवशी मुलाला पांढरा शर्ट घालू नका. एखादा गडद रंगाचा घालून पाठवा.